होनर स्पेशल २० : ब्लूज न वाजवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

होनर कंपनीच्या स्पेशल २० या माउथऑर्गनचे (वाजवणारे त्याला हार्प म्हणतात) रिव्ह्यू शोधायला गेलात तर बहुतेक सगळे ब्लूजवाल्यांचे सापडतात, बेंड (श्वास वळवून सूर खाली उतरवणं) किती सहज निघतो, दुसऱ्या होलचा ड्रॉ (श्वास आत ओढून येणारा सूर, फुंकून येतो तो ब्लो) कसा दणदणीत वाजतो, माइक हातात धरून कसा वाटतो वगैरे. ब्लूज मला ऐकायला खूप आवडतं पण मी वाजवतो ती रॉक आणि पॉप गाणी, शेजारी गिटारवाला मित्र असतो आणि गाणं कुठल्याही कीमध्ये, म्हणजे पट्टीत, येऊ शकतं. म्हणून हा रिव्ह्यू त्याच नजरेने लिहितोय, हा हार्प वेगवेगळ्या पोझिशनमध्ये (म्हणजे सा वेगवेगळ्या सुरांवर धरून) सरळ चालीच्या गाण्यांना कितपत साथ देतो. उत्तर आधीच सांगतो: देतो, मनापासून देतो, फक्त तिसऱ्या होलचे बेंड आणि पाचव्या होलचा ड्रॉ या दोन जागी मेहनत तुमची.

आधी वस्तूबद्दल. दहा होल, वीस रीड्स (थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पात्या), म्हणून नाव स्पेशल २०. कोंब (मधला खाचांचा सांगाडा) प्लास्टिकचा आहे आणि हे ऐकून नाक मुरडू नका, लाकडी कोंब थुंकीने फुगू शकतो, हा फुगत नाही. रीड प्लेट्स कोंबाच्या आत बसवलेल्या आहेत त्यामुळे ओठाला धातूची धार लागत नाही, गळ्यात रॅक अडकवून गिटारबरोबर वाजवणाऱ्यांना हे लगेच जाणवेल कारण रॅकमध्ये हार्प हलत नाही, तोंडच त्यावर इकडून तिकडे सरकत राहतं. हवा गळत नाही, त्यामुळे हळू फुंकलं तरी सूर उमटतो. पॉपमध्ये हा गुण मला ब्लूजपेक्षाही जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण गाणाऱ्याच्या मागे हळू आवाजात एखादी ओळ वाजवायची असते आणि त्यावेळी रीडने लगेच बोलायला हवं. मित्राकडे एका स्वस्त ब्रँडचा सात हार्पचा सेट आहे (नाव नको), त्यात जोर लावल्याशिवाय काही होल बोलतच नाहीत आणि जोर लावला की सूर उतरतो. सातपेक्षा एक चांगला, हे माझं स्पष्ट मत.

आता पोझिशन. नवीन लोकांना हा शब्द उगाच अवघड वाटतो. आपल्याकडे पेटीवर जो थोडाफार बसलाय त्याला हे दोन मिनिटांत कळेल, पट्ट्या त्याच ठेवायच्या आणि सा दुसरीकडे धरायचा. सी हार्पवर, म्हणजे सी कीच्या हार्पवर, बेंड न करता फक्त पांढऱ्या पट्ट्यांचे सूर आहेत. सा पांढरी एकवर, म्हणजे सी वर धरला की पहिली पोझिशन, बिलावल. पांढरी पाचवर, म्हणजे जी वर धरला की दुसरी, आणि नि कोमल होतो म्हणजे खमाज. डी वर तिसरी, काफी. ए वर चौथी, आसावरी. ई वर पाचवी, भैरवी. आणि एफ वर सा धरला की बारावी पोझिशन, तीव्र म येतो म्हणजे कल्याण. आकडे असे का, तर दरवेळी सा वरून प वर उडी मारत मोजतात, सी, जी, डी, ए, ई असं, आणि एफ त्या चक्रात सगळ्यात शेवटी येतो म्हणून बारावा. बास, थिअरी एवढीच. मूर्च्छना ज्याने शिकलीय त्याला यात नवीन काहीच नाही.

ब्लूजवाले दुसऱ्या पोझिशनला चिकटलेले असतात त्याला कारण आहे, तिथे कोमल नि आयता मिळतो, खालचे ड्रॉ बेंड होतात, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भरदार येतो. पण बहुतेक क्लासमध्ये आणि व्हिडिओंमध्ये हेच प्रत्येक गाण्यासाठी शिकवतात आणि मग शिकणारा एखाद्या साध्या पॉप गाण्यात शुद्ध नि शोधत बसतो. सी हार्पवर जी मेजर (जी चा सा, सगळे सूर शुद्ध) वाजवायचं तर एफ शार्प हवा, तो खालच्या भागात दुसऱ्या ड्रॉला अर्धा सूर बेंड करून मिळतो, अगदी वर नवव्या ब्लोला बेंड करून मिळतो, पण मधल्या सप्तकात, जिथे गाणं खरं राहतं, तिथे पाचव्या होलवर ओव्हरब्लोशिवाय नाहीच. ओव्हरब्लो म्हणजे फुंकताना एका रीडला गप्प करून दुसरीला उघडायला लावायचं, आणि हा हार्प डब्यातून काढल्या काढल्या ते करून देईल अशी आशा ठेवू नका, रीडचं प्लेटपासूनचं अंतर सेट करावं लागतं. त्यामुळे शुद्ध नि वर थांबणारं गाणं असेल तर दुसरी पोझिशन सोडा, पहिलीत वाजवा.

पहिली पोझिशन कोणी कमी लेखू नये. नील यंगचं १९७२ चं हार्ट ऑफ गोल्ड जी हार्पवर आहे, बिली जोएलचं १९७३ चं पियानो मॅन सी हार्पवर पहिल्या पोझिशनमध्ये आहे. चार ते सात या होलांमध्ये सगळे सात सूर बेंड न करता मिळतात. खाली मात्र म आणि ध नाहीत, एक ते तीन होलांची रचनाच कॉर्डसाठी केलेली आहे, तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्रॉला पूर्ण एक स्वर बेंड करून ते सूर काढावे लागतात, आणि एकदम वर शुद्ध नि नाही. हा स्पेशल २० चा दोष नाही, रिश्टर ट्युनिंगचा (दहा होलांची हीच रचना असलेला) प्रत्येक हार्प असाच असतो. आणखी एक, सहाव्या होलपर्यंत ड्रॉ हा ब्लोपेक्षा वरचा सूर असतो आणि सातव्यापासून उलटं होतं, त्यामुळे ध वरून नि ला जाताना श्वास न बदलता सहा ड्रॉवरून सात ड्रॉवर सरकायचं. सगळे नवशिके इथे अडखळतात, हार्पला दोष देऊ नका.

पोझिशन कशी निवडायची हे एका गाण्यावर दाखवतो. क्रॅनबेरीजचं १९९४ चं झॉम्बी घ्या. कॉर्ड चारच, ई मायनर, सी, जी आणि एफ शार्प बेसवर डी. सा ई आहे. आता ई चा सा धरून मायनर (ग आणि नि कोमल) वाजवायला तीन हार्प समोर येतात, सी हार्प पाचव्या पोझिशनमध्ये, जी हार्प चौथ्या पोझिशनमध्ये, आणि डी हार्प तिसऱ्या पोझिशनमध्ये. सी हार्पवर एफ शार्प नाही, तिथे साधा एफ आहे, आणि गाण्याचा बेसच एफ शार्पवर जातो तेव्हा साधा एफ वाजला की अंगावर काटा येईल, वाईट अर्थाने. डी हार्पवर सी च्या जागी सी शार्प आहे, आणि गाण्याचा दुसराच कॉर्ड सी आहे. राहिला जी हार्प, त्यावर दोन्ही सूर बरोबर. म्हणजे चौथी पोझिशन, वाद संपला. कुठलाही नवीन मायनर गाणं आलं की मी हेच करतो, कॉर्ड लिहून काढतो, रे आणि ध शुद्ध की कोमल एवढंच बघतो. दोन्ही कोमल तर पाचवी, ध एकटा कोमल तर चौथी, दोन्ही शुद्ध तर तिसरी.

आता हे वाजवताना स्पेशल २० ची खरी परीक्षा होते. जी हार्पवर ई हा सूर सहाव्या ड्रॉवर आहे, पण गाणाऱ्याच्या पट्टीत खाली जायचं तर तिसऱ्या ड्रॉला पूर्ण एक स्वर बेंड करावा लागतो, आणि तोच तुमचा सा! तिसऱ्या होलमध्ये तीन बेंड आहेत, अर्धा, पूर्ण आणि दीड, आणि मधल्यावर बरोबर थांबणं हे फार जिकिरीचं. ब्लूजमध्ये तिथे थोडं वरखाली झालं तर लोक दाद देतात, चालून जातं, नव्हे तेच हवं असतं. पॉपमध्ये सा हलला की गाणंच हललं. या हार्पवर तो सूर निघतो स्वच्छ, टिकतोही, रीड घसरत नाही, पण कान आणि जबडा दोन्हीचा सराव करावा लागतो. मी मोबाइलवर तंबोरा ई वर लावून तो एकच सूर धरून बसतो, लांब, न हलवता. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय मला सापडलेला नाही. त्यावरचे सूर मग सोपे, तीन ड्रॉ, चार ब्लो, चार ड्रॉ, पाच ब्लो, पाच ड्रॉ, सहा ब्लो, सहा ड्रॉ, अख्खं सप्तक झालं.

चौथ्या पोझिशनची आणखी एक गंमत, मेजर आणि मायनर दोन्ही एकाच हार्पवर शेजारी राहतात. हार्ट ऑफ गोल्डचंच बघा, कडव्यात ई मायनर, सी, डी, जी फिरतात, ई मायनरवर कान टेकवला तर चौथी, जी वर टेकवला तर पहिली, हार्प तोच. आर.ई.एम.चं १९९१ चं लूझिंग माय रिलिजन ए मायनरमध्ये आहे, त्याचे सगळे सूर सी हार्पवर आहेत, मूळ गाण्यात तो तुकडा मँडोलिनचा आहे पण हार्पवर सुद्धा छान बसतो.

तिसरी पोझिशन माझी सगळ्यात लाडकी. सी हार्पवर चार, पाच, सहा हे तिन्ही ड्रॉ एकत्र ओढले की डी मायनर कॉर्ड आयता मिळतो, तोच वर आठ, नऊ, दहा. म्हणजे मायनर गाण्याला कॉर्डची साथ देता येते, जी चौथ्या पोझिशनमध्ये मिळत नाही. स्कारबरो फेअर ही जुनी इंग्लिश लोकधून वाजवून बघा, सायमन आणि गारफंकेलमुळे १९६६ पासून सगळ्यांना माहीत झालेली. पहिली ओळ: ४ ड्रॉ, ४ ड्रॉ, ६ ड्रॉ तीनदा, मग ५ ब्लो, ५ ड्रॉ, ५ ब्लो, ४ ड्रॉ. दुसरी: ६ ड्रॉ, ७ ब्लो, ८ ड्रॉ, ७ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ड्रॉ, ६ ब्लो, ६ ड्रॉ. एकही बेंड नाही. त्या दुसऱ्या ओळीतला ७ ड्रॉ म्हणजे शुद्ध ध, काफीतला, आणि सगळ्या धुनेचा जीव त्या एका सुरात आहे, चौथ्या पोझिशनमध्ये वाजवलंत तर तिथे कोमल ध येईल आणि ती धून ती राहणार नाही. सा ड्रॉवर असल्यामुळे चौथ्या होलवर घशातून हलकं व्हायब्रेटो देता येतं, स्पेशल २० वर ते फार गोड लागतं, लाकडी कोंबवाल्यांपेक्षा किंचित मऊ वाटतं मला, तीक्ष्णपणा कमी.

पाचव्या पोझिशनबद्दल लोक बोलतच नाहीत. खरं तर कोमल रे टाळलात तर ती साधी मायनर होते. आणि मायनरची पाच सुरांची पट्टी तर इथे चक्क फुकट आहे: ५ ब्लो, ६ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ड्रॉ, ८ ड्रॉ, ८ ब्लो. रॉकमधली कितीतरी गिटार सोलो याच पाच सुरांत आहेत. सी हार्प, ई मायनर, बेंड शून्य. गिटारवाल्यांना ई मायनर किती प्रिय आहे हे सांगायला नको.

दुसऱ्या पोझिशनला मी वर बाजूला ठेवलं ते शुद्ध नि च्या गाण्यांपुरतं. ज्या रॉक गाण्यात कोमल नि चा मेजर कॉर्ड येतो तिथे तीच राणी. १९७४ चं स्वीट होम अलाबामा, डी, सी, जी एवढेच कॉर्ड गोल फिरतात, आता सा डी की जी यावर गिटारवाले अजून वाद घालतात, आपल्याला काही फरक पडत नाही कारण डी मानला तर जी हार्प दुसऱ्या पोझिशनमध्ये आणि जी मानला तर जी हार्पच पहिल्या पोझिशनमध्ये. बीटल्सचं हे ज्यूड (१९६८) मात्र दोन हार्प मागतं, सुरुवातीचं गाणं एफ मेजर, तिथे एफ हार्प पहिली पोझिशन, आणि शेवटी सगळे मिळून गातात तिथे एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट येतात, तिथे बी फ्लॅट हार्प दुसरी पोझिशन. बदलायला वेळ भरपूर मिळतो.

आता बारावी, आणि इथे या हार्पबद्दल एक गोष्ट विकत घ्यायच्या आधी कळायलाच हवी. बारावीत सी हार्पवर सा म्हणजे एफ, पाचव्या होलचा ड्रॉ. डायटॉनिक हार्प (एका कीचे सात सूर देणारे, हा त्यातलाच) कंपन्या कशा ट्यून करतात यात फरक असतो. ली ऑस्कर या कंपनीने पेटीसारखं समान अंतराचं ट्युनिंग धरलंय, त्यात एकेकटा सूर बरोबर पण कॉर्ड थोडा खरखरतो. होनरच्याच जुन्या मरीन बँड हार्पमध्ये जस्ट इंटोनेशन (कॉर्ड गोड लागावा असं ट्युनिंग) असायचं, कॉर्ड मधासारखा, पण पाचवा ड्रॉ बराच उतरलेला. ब्लूजमध्ये तो कोमल नि असतो, उतरलेला असला तरी चांगलाच वाटतो. बारावीत तोच सा! स्पेशल २० यांच्या मधला तोडगा आहे, कॉर्डसाठी काही सूर किंचित हलवलेले, पण जुन्या पद्धतीइतके नाही. त्यामुळे बारावीत किंवा तिसरीत (तिथे हा कोमल ग होतो) कीबोर्डबरोबर वाजवणार असाल तर आधी ट्यूनर लावून बघा, हळू ओढून बघा, कारण जोरात ओढलं की सूर आणखी उतरतो आणि मग दोष ट्युनिंगचा की तुमच्या दमाचा हे कळत नाही. गिटारबरोबर मला कधी खटकलं नाही. आणि पाचवा ड्रॉ बेंड करायच्या भानगडीत पडू नका, तिथे अर्धा सूरही मिळत नाही, उगाच रीडवर ताण.

एवढं सांभाळलं तर बारावी पोझिशन मेजर गाण्यांसाठी सोन्यासारखी आहे. टेम्प्टेशन्सचं माय गर्ल, १९६४ च्या डिसेंबरमध्ये आलेलं, त्याच्या गिटारचा तो चढत जाणारा तुकडा आठवा. सी कॉर्डवर सी डी ई जी ए सी, आणि एफ कॉर्डवर तोच एफ जी ए सी डी एफ. सी हार्पवर पहिला तुकडा: ४ ब्लो, ४ ड्रॉ, ५ ब्लो, ६ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ब्लो. दुसरा: ५ ड्रॉ, ६ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ब्लो, ८ ड्रॉ, ९ ड्रॉ. पहिला पहिल्या पोझिशनमध्ये, दुसरा बाराव्या पोझिशनमध्ये, एकाच हार्पवर एका दमात, बेंड एकही नाही. हे पहिल्यांदा हाताला, म्हणजे तोंडाला, लागलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि पोझिशन म्हणजे काय हे कोणाला समजवायचं असेल तर मी आता हेच वाजवून दाखवतो.

कशासाठी घेऊ नये तेही सांगतो. एकाच ओळीत शुद्ध आणि कोमल दोन्ही येणारी गाणी, आपली जुनी हिंदी फिल्मी गाणी त्यात बरीच, त्यांना बटणाचा क्रोमॅटिक (शुद्ध, कोमल सगळे सूर देणारा माउथऑर्गन) लागतो. पंचमने १९५८ च्या सोलवा सालमधल्या ‘है अपना दिल तो आवारा’मध्ये माउथऑर्गन वाजवलाय, ते ऐकून कोणी हा हार्प घ्यायला निघाला असेल तर आधी चालीतले सूर मोजा. स्टीव्ही वंडर क्रोमॅटिक वाजवतो. बीटल्सच्या लव्ह मी डू (१९६२) मध्ये जॉन लेननचा सुद्धा क्रोमॅटिकच आहे, ती ओळ अशा साध्या हार्पवर जवळपास वाजते पण तसाच आवाज अपेक्षित धरू नका. आणि तुम्हाला मेजर गाणी दुसऱ्या पोझिशनच्या भरदार आवाजातच हवी असतील, शुद्ध नि सकट, तर ली ऑस्करचा मेलडी मेकर बघा, त्यात पाचवा आणि नववा ड्रॉ अर्धा सूर चढवलाय आणि तिसरा ब्लो पूर्ण एक स्वर चढवलाय, म्हणजे तिथे रे बेंड न करता मिळतो. फक्त त्यावर की लिहिलेली असते ती दुसऱ्या पोझिशनची, ऑर्डर करताना गोंधळ होतो.

कुठली की घ्यायची असं विचाराल तर पहिला सी, दुसरा जी. या दोघांत सी, जी, एफ मेजर, आणि ए, डी, ई, बी मायनर एवढं सगळं कुठल्या ना कुठल्या पोझिशनमध्ये येतं, घरगुती मैफलीत गिटारवर वाजणारी बहुतेक गाणी यातच. तिसरा डी, कारण डी मेजर आणि तिसऱ्या पोझिशनचा ई मायनर. जी हार्प खालच्या पट्टीचा, रीड्स लांब, थोडा सावकाश बोलतो, त्यामुळे वरचे होल कानाला टोचत नाहीत आणि चौथी, बारावी पोझिशन वरच्या भागात वाजवायला तो सी पेक्षा सुखाचा. डी वर आठच्या पुढचे होल चढे लागतात, तिथे हळू फुंका. किंमत शिकाऊ हार्पच्या कैकपट आहे आणि सतत बदलते, दोनतीन ठिकाणी बघून घ्या. रीड प्लेट्स वेगळ्या मिळतात, एखादी रीड गेली तर कोंब आणि कव्हर तेच ठेवून काम भागतं. कव्हर दोन छोट्या स्क्रूंवर आहे, उघडून मऊ ब्रशने साफ करा, ब्रश रीडच्या खिळ्याकडून मोकळ्या टोकाकडेच न्यायचा, उलटा नेला तर रीड वाकते.